विळीवर बसून आठ हजार पावलं

माझ्या फ्रिजच्या दारावर तीन याद्या असतात. पहिली आजची, दुसरी आठवड्याची आणि तिसरी "कधीतरी". तिसऱ्या यादीतली काही कलमं इतकी जुनी झाली आहेत की ती करायची होती म्हणजे नेमकं काय करायचं होतं, हे मलाच आठवत नाही. "निळा डबा बघणे" असं एक कलम आहे. घरात निळा डबा नाही. तरी मी ते खोडलेलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाने स्वतःच्या हस्ताक्षराचा थोडा मान ठेवावा.

याद्यांची सवय मला हौसेने लागलेली नाही. माझा नवरा बोटीवर होता, इंजिनरूममध्ये मोटरमन. वर्षातले बरेचसे महिने समुद्रात आणि उरलेले घरी, असा आमचा संसार. रत्नागिरीत अशी घरं गल्लोगल्ली आहेत. कुणाचा माणूस बोटीवर, कुणाचा आखातात. मागे राहिलेली बाई एकतर देवभोळी होते नाहीतर याद्या करते. मला देवावर सगळं सोडायला जमलं नाही, कारण देव गॅसचा नंबर लावत नाही. मुलगी वाढवली, शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, घर बांधलं, विहिरीला पंप बसवला, सगळं याद्यांवर.

एक खुलासा. बोलताना मी नवऱ्याला "अहो" म्हणते. लिहिताना "तो" लिहिते. लिहिताना तो ऐकत नसतो.

दीड वर्षापूर्वी तो कायमचा घरी आला. पाहुणा म्हणून तो उत्तम होता. येताना चॉकलेटं आणायचा, वस्तूंची तारीफ करायचा आणि कंटाळा यायच्या आत परत जायचा. आता तो खुर्चीत बसला आणि उठेना. घरातली प्रत्येक वस्तू माझ्या पद्धतीने लागलेली, डब्याडब्यांवर लेबलं. तो परक्या बंदरात उतरल्यासारखा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा.

"अगं, चहा पावडर कुठे असते?"

"जिथे चहा पावडर लिहिलंय तिथे."

मग बिचाऱ्याने स्वतःचं एक खातं शोधून काढलं. मासे. रोज सकाळी स्कूटर काढायची, मिरकरवाड्याच्या जेटीवर जायचं, लागलेल्या होड्या बघायच्या, दोन ओळखीच्यांशी भांडायचं आणि पिशवीतून काहीतरी उत्तम घेऊन यायचं. या कामात त्याला लेबल लागत नव्हतं. माशाचा कल्ला उघडून तो आत असं बघायचा, जसं इंजिनचं झाकण उघडून बघत असेल. सगळ्या घरात ती सकाळची फेरी तेवढी त्याची होती. बाकी घर माझं होतं, आणि तो त्यात भाडेकरू.

एकदा पाऊस संपल्यावर, परत येताना चढावर त्याला चक्कर आली. स्कूटर रस्त्याकडेच्या जांभ्या दगडाच्या कुंपणाला, गडग्याला टेकली आणि तो स्कूटरला टेकला. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पिशवीतले सौंदाळे मात्र रस्ताभर झाले, आणि त्यांच्यासाठी दोन मांजरं आणि एक कावळा रुग्णवाहिकेपेक्षा लवकर आले. त्याला दुःख कोपराचं नव्हतं. सौंदाळ्यांचं होतं.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीहून लहान दिसतात. हल्ली सगळेच डॉक्टर लहान दिसतात. याचा अर्थ काय ते मला कळतं, पण तो मी यादीत घेतलेला नाही. त्यांनी रक्त तपासलं. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, कोलेस्टेरॉल उंबरठ्यावर उभं. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "काका, खुर्ची सोडा. चाला."

शनिवारी मुलगी पुण्याहून आली. ती तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि तिथल्या लोकांसारखी कुठल्याही गोष्टीला आधी मुदत घालते. तिने बाबांच्या मनगटावर एक काळं चौकोनी घड्याळ बांधलं आणि खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"बाबा, तीन महिने. रोज आठ हजार पावलं. मला तिकडे फोनवर दिसतात, म्हणजे थापा चालायच्या नाहीत. रिपोर्ट सुधारला की किल्ली परत."

"आणि नाही सुधारला तर?"

"तर गाडी विकायची. पुन्हा चक्कर आली आणि तेव्हा गडगा नसला तर?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी फ्रिजकडे बघितलं आणि आठवड्याच्या यादीत "चालणे" असं लिहिलं. मला मुलीचं म्हणणं पटलं होतं. तिला असं बोलायला मीच शिकवलंय.

ती गेल्यावर तो म्हणाला, "बघितलंस? किल्ली नेलीन. माझ्या गाडीची."

त्या घड्याळाबद्दल मला बरंच बोलायचं आहे. ते वेळही सांगतं, पण जाता जाता. त्याचा मुख्य धंदा चौकशीचा. तुम्ही झोपलात का, किती झोपलात, झोपेत खोल गेलात की काठावरच राहिलात. सकाळी उठून मी ताजी आहे की नाही हे मला माझ्या पाठीवरून कळतं; त्यासाठी मनगटावर हवालदार कशाला? पण हल्ली कुणाला स्वतःच्या अंगाचं सांगितलेलं ऐकायचंच नसतं. आकडा पाहिजे. भूकही लवकरच आकड्यात कळेल, मग जेवायला वाढताना मी तो बघून वाढेन.

माझं फोनशी फारसं वैर नाही. वीजबिल भरते, रेल्वेचं तिकीट काढते, शाळेचं अर्धं काम त्याच्यावरच चालतं. पण सकाळी उठल्या उठल्या चष्म्याशिवाय चेहरा दाखवला तर फोन मला ओळखत नाही. त्या वेळी आरशात मीही मला ओळखत नाही, त्यामुळे तक्रार करता येत नाही. बँकेचा आकडा मेसेजमध्ये येतो, तो वाचायला चष्मा लागतो, चष्मा दुसऱ्या खोलीत असतो, तो सापडेपर्यंत आकड्याची मुदत संपते. ही सोय कुणा तरुणाने केली आहे, ज्याचा चष्मा अजून एकाच जागी सापडतो. शिवाय काहीही केलं की फोन विचारतो, "तुमचा अनुभव कसा होता?" नवऱ्याने इतक्या वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. तो बोटीवर होता म्हणून सोडून दिलं.

तर चालणं. त्याला चालायला कारण लागत होतं. आमच्या रस्त्यावरून सकाळी पांढऱ्या बुटांतली निवृत्त मंडळी हात झुलवत जातात. त्यांच्याकडे तो गॅलरीतून बघायचा.

"हे कुठे जातात?"

"कुठे नाही. चालायला जातात."

"आणि मग?"

"मग परत येतात."

"म्हणजे माल न भरता बोट न्यायची आणि तशीच आणायची. डिझेल कोण देतो?"

मी त्याला भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं. तिथे एक हास्यक्लब वर्तुळात उभा राहून विनाकारण हसत होता. तो तसाच मागे फिरला. म्हणाला, "बोटीवर असं कोण हसलं असतं तर पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवलं असतं." त्या दिवशी घड्याळाने त्याला शाबासकी दिली नाही. मुलीचा फोन आला. "बाबा, आज इतकं कमी?" त्याने उत्तर दिलं, "वारा उलटा होता."

मासे आणायचं काम आता माझ्या यादीत आलं. सकाळी शाळेत जायच्या आधी मी रिक्षाने जेटीवर जाऊ लागले. त्याच्या नेहमीच्या कोळणीने पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा कुठे गेले? आजारी की काय?"

"घरी आहेत. चालतायत."

"घरात चालतायत? कुठे जायला?"

तिच्याजवळ एक बोलणारी डबी आहे. फोनवरून पैसे दिले की ती सगळ्या जेटीला ओरडून सांगते की किती आले. म्हणजे तुम्ही सुरमईचा भाव पाडण्यात कितीही हुशारी केली, तरी चार पावलांवरच्या बाईने तुमच्याहून कमीत घेतली हे लगेच जाहीर होतं. पूर्वी माणसाला स्वतःच्या व्यवहारज्ञानाबद्दल घरापर्यंत तरी भ्रम बाळगता यायचा.

कोळीण म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. दादांना माल दाखवायला मजा येते. तुम्ही नुसती यादी वाचताव."

घरी तपासणी व्हायची. तो बांगडा हातात धरून खिडकीच्या उजेडात न्यायचा.

"हा परवाचा."

"कशावरून?"

"डोळे बघ. तुझ्या शाळेत शेवटच्या तासाला बसलेत असे दिसतात."

आणि न जेवता उठायचा नाही, पण जेवताना सुस्कारा टाकायचा. मासा खाताना कुणी सुस्कारा टाकला तर कालवणाची चव जाते. महिना असाच गेला. घड्याळ सारखं थरथरून "उठा" म्हणायचं. तो मनगट उशीखाली घालायचा.

आणि मग एकाएकी पावलं वाढली.

मुलगी व्हिडिओवर नुसती फुलली होती. "आई, बाबांनी काय मनावर घेतलंय! आज तर टार्गेटच्या वर गेले." तो पाठीमागे खुर्चीत नम्रपणे बसलेला. शर्यत जिंकून आलेल्या बैलासारखा चेहरा. मी दिवसभर शाळेत. वाटलं, मी गेल्यावर लाजत लाजत पांढऱ्या बुटांत सामील होत असेल. काही माणसांना चांगलं वागताना बायकोने बघितलेलं आवडत नाही.

त्याच सुमाराला आणखी एक चमत्कार झाला. तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "नारळ खवायचाय का? दे, मी खवतो."

मी गॅस बारीक केला. मला नीट ऐकायचं होतं.

"तुम्ही?"

"का? बोटीवर काय खवत नव्हतो?"

"बोटीवर डब्यातलं दूध असायचं असं तुम्हीच सांगितलंत."

"म्हणूनच सवय राहिली नाही. दे."

लुंगी सावरून तो विळीवर बसला. आमच्याकडच्या विळीला पुढे खवणीचा दातेरी फणा असतो. नारळाची कवड त्यावर दाबून पुढे-मागे, पुढे-मागे. चांगला खवला, बारीक, करवंटीचा काळा कण न येऊ देता. इंजिन घासून पुसून ठेवणाऱ्या माणसाचा हात होता तो. दुसऱ्या दिवशीही खवला. तिसऱ्या दिवशी मी घरी येण्याआधीच खवून पातेलं भरून ठेवलेलं. मी आजच्या यादीतून माझ्यापुढचं "नारळ" खोडलं. खरं सांगते, ते खोडताना मला थोडं भरून आलं. इतकी वर्षं ज्याला घरात काय कुठे आहे ते माहीत नव्हतं, त्याला विळी सापडली होती.

आता घरात खवलेलं खोबरं आहे म्हटल्यावर वाया कसं घालवणार? सोलकढी रोज. आमटीत खोबरं, भाजीवर खोबरं, कालवणाला दाट वाटण. खोबऱ्याच्या वड्या झाल्या. गणपती विसर्जन होऊन महिने लोटले होते, तरी मोदक झाले. अंगणातल्या दोन माडांचे नारळ संपले तेव्हा शेजारच्या काकूंकडून आणले आणि खवलेलं खोबरं वाटीवाटीने त्यांनाच परत गेलं.

काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे हल्ली रोज कसला सण असतो गो?"

"ह्यांनी खवायला घेतलंय."

"नवस बोललेत की काय?"

रविवारची गोष्ट. तो आंघोळीला गेला होता. जाताना घड्याळ काढून ओट्यावर ठेवलेलं. ओट्यावर पाणी सांडलं होतं, म्हणून मी ते उचललं आणि भिजू नये म्हणून माझ्या मनगटावर चढवलं. विळीवर अर्धी कवड शिल्लक होती. मी बसले आणि खवायला लागले. दोन मिनिटांत मनगट थरथरलं. बघते तर पडद्यावर रंगीत फटाके उडतायत आणि खाली लिहिलेलं, शाब्बास, आजचं लक्ष्य पूर्ण.

मी हात थांबवला. आकडा थांबला. खवायला लागले, आकडा पळायला लागला.

सगळं एका क्षणात जुळलं. विळी, पातेलं, मोदक, काकूंच्या वाट्या. तो घरात फूटभरही पुढे सरकला नव्हता. विळीवर बसून पुण्याला पोचला होता.

दुसरी गोष्ट मला जरा उशिरा सुचली आणि ती जास्त लागली. लग्न झाल्यापासून मी नारळ खवते आहे. फटाके पहिल्यांदाच उडाले.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा मी तशीच विळीवर बसून होते. हात वर करून घड्याळ दाखवलं. माणूस ओशाळला वगैरे असेल असं तुम्हाला वाटेल. छे.

"सापडलं होय तुला," तो म्हणाला. "भाकरी थापतानाही आकडा चढतो, पण कमी. कपडे पिळताना मुळीच नाही. नारळाला तोड नाही."

"तुम्ही प्रयोग केलेत?"

"मग? गेज आहे ते. गेजला काय दाखवायचं ते इंजिनवाल्याला माहीत असतं. बोटीत वर ब्रिजवर बसलेला साहेब आकडा बघून खूश असतो. त्याला खाली यायचं नसतं."

"साहेब म्हणजे तुमची मुलगी."

"साहेबच आहे ती. तुझ्यावर गेलीय."

"आणि इंजिन? इंजिनचं काय?"

यावर तो कपडे घालायला गेला.

मी मुलीला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. रक्ताची तपासणी पुढच्या आठवड्यात होती, आणि सुईला नारळ खवून फसवता येत नाही. त्यानेही विळी सोडली नाही. आता तर माझ्यासमोर बिनधास्त बसायचा.

रिपोर्ट आला. दवाखान्यात टोकन मोबाईलवर घ्यायचं असतं, तरी सगळे सकाळपासून तिथेच येऊन बसलेले असतात, कारण यंत्रावर कुणाचाच विश्वास नसतो आणि शेजारच्यावर तर त्याहून नसतो. आमचा नंबर आला. मुलगी फोनच्या पडद्यावर हजर. डॉक्टरीणबाईंनी कागद एकदा बघितला, उलटून बघितला.

"साखर तिथेच. कोलेस्टेरॉल तर बरंच वाढलंय. मला कळत नाही. एवढं चालून कोलेस्टेरॉल वाढलेले तुम्ही पहिलेच." मग माझ्याकडे वळून, "खाण्यात काही बदल?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होता. त्यातल्या नळ्या बहुतेक त्याला ओळखीच्या वाटत असाव्यात.

"नारळ," तो म्हणाला.

"किती?"

"जेवढी पावलं, तेवढा."

डॉक्टरीणबाई देशावरच्या. त्यांच्याकडे नारळ देवापुढे फोडतात आणि भाजीत दाण्याचं कूट घालतात. त्यांना विळीपासून सांगावं लागलं. सांगून झाल्यावर त्या फाईलमध्ये तोंड घालून बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या. खांदे हलत होते. पडद्यावर मुलगी मात्र हसत नव्हती.

"बाबा, मी ऑफिसात सगळ्यांना तुमची पावलं दाखवत होते."

तो परत हृदयाच्या चित्राकडे वळला.

"ठरलं होतं ते ठरलं. गाडी विकायची."

आणि ती आमचीच मुलगी. रात्र पडायच्या आत तिने पुण्यात बसून स्कूटरचा फोटो जुन्या गाड्या विकायच्या अॅपवर टाकला. पूर्वी घरातली गाडी विकायची तर चार लोकांत बोलणी व्हायची, घरधनी एक दिवस रुसायचा, वेळ मिळायचा. आता अंगठा दाबला की गिऱ्हाईक तयार. दुसऱ्याच दिवशी जयगडच्या बंदरात कामाला असलेल्या एका माणसाचा फोन आला. त्याला कामावर जायला गाडी हवी होती. रविवारी बघायला येतो म्हणाला.

तो आठवडा घर फार व्यवस्थित होतं. मला व्यवस्थितपणा आवडतो, पण तो नाही आवडला. नवऱ्याने विळी धुऊन जागेवर ठेवली. लेबल न वाचता. स्कूटर अंगणात घेऊन चाकांच्या खाचांतली धूळ जुन्या टूथब्रशने काढली, आरशांना चमक आणली, डिकीतली माशाची पिशवी काढून धुतली, वाळवली आणि चौकोनी घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेवली. हे तुझं, असं म्हणाला नाही. नुसती ठेवली.

मग खुर्चीत बसून फोन बघत राहिला. त्याच्या फोनवर एक अॅप आहे, त्यात जगातल्या सगळ्या बोटी ठिपक्यांसारख्या दिसतात. त्याच्या जुन्या बोटी तो अधूनमधून शोधतो. ही अमुक बंदरात लागली, ती वाटेत आहे. मी चहा नेला तेव्हा म्हणाला, "एक दिसत नाही आता."

"नेट नसेल."

"नाही. तोडायला काढलीन कंपनीने."

चहा त्याने घेतला. मला डॉक्टरीणबाईंच्या कागदापेक्षा ते वाक्य वाईट वाटलं. गोळ्यांनी साखर खाली येईल. चक्कर त्यानंतर एकदाही आली नव्हती. पण हा माणूस खुर्चीत रुतून बसला तर त्याला बाहेर काढायला माझ्याकडे कुठलीही यादी नव्हती. स्कूटर गेली की मासे गेले, मासे गेले की सकाळ गेली, आणि मग उरलेलं सगळं घर माझ्या लेबलांचं.

शनिवारी सकाळी मी कपाटातला पत्र्याचा डबा काढला. त्यावर "किल्ल्या, जादा" लिहिलेलं आहे. स्कूटरला दोन किल्ल्या येतात. एक पुण्यात होती. दुसरी माझ्याकडे होती. अर्थात होती. एवढे दिवस दोघांपैकी एकानेही विचारली नव्हती. मुलीला वाटलं तिने घराची सगळी सत्ता पर्समधून नेली, आणि नवऱ्याला हा डबा आहे हेच ठाऊक नव्हतं.

घडी घातलेली पिशवी घेतली, साडीचा पदर खोचला आणि अंगणात जाऊन स्कूटर सुरू केली. आवाज ऐकून तो बाहेर आला.

"कोण आलंय?"

"कुणी नाही. बसा मागे."

"कुठे?"

"जेटीवर. परवाचा बांगडा खाऊन कंटाळा आला."

"तू चालवणार?"

"तुम्ही बोटीवर होता तेव्हा मुलीला शाळेत काय पाठीवर घेऊन जात होते?"

हे त्याला खरोखर माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि मागच्या सीटवर बसणं यात फरक आहे. तो बसला. दोन्ही हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी मागची दांडी पकडली. मी गाडी जपून चालवते. खड्डा दिसला की थांबते, विचार करते, मग जाते. मागून सूचना सुरू झाल्या.

"गिअर नाहीये गं हिला, ॲक्सिलरेटर दे."

"देते."

"मागून सायकल पुढे गेली."

"जाऊ दे, त्याला घाई असेल."

"सायकल पोरीची होती."

जेटीवर पोचलो आणि कोळणीने टोपलीवरचा हात काढून कपाळाला लावला.

"अगो बाय! दादा मागच्या सीटवर! वहिनीने नोकरीला ठेवलंन की काय तुम्हाला?"

पलीकडची म्हणाली, "पगार किती देते विचार."

तिसरी म्हणाली, "पगार कसला, जेवणावर असतील."

तो लाल झाला, पण गप्प बसला नाही. त्यांच्या सात पिढ्यांच्या मासळीवर उलट बोलला, तीन टोपल्या धुडकावल्या, चौथीतले सौंदाळे निवडले, प्रत्येकाचा कल्ला उघडून बघितला. मी पैसे दिले, डबी ओरडली. आवाज ऐकून त्याने शेजारी मासे घेणाऱ्या बाईकडे विजयी मुद्रेने बघितलं, कारण भाव आमचा खाली होता. इतक्या महिन्यांत मी त्याचा तो चेहरा बघितला नव्हता.

मग मी गाडी वळवली आणि म्हटलं, "बसा."

त्याने कोळणींकडे बघितलं. त्या तिघी कमरेवर हात ठेवून वाट बघत होत्या. पलीकडे होडीवरचेही दोघे थांबले होते.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "पिशवी घेऊन जा. मी येतो चालत."

"चढ आहे."

"माहिताय मला चढ. मी काय आज आलोय रत्नागिरीत?"

मी पिशवी हुकला अडकवली आणि निघाले. वळणावर आरशात बघितलं. लुंगीचा सोगा हातात धरून तो चढ चढत होता, आणि वाटेत एका पांढऱ्या बुटांच्या माणसाला काहीतरी सांगत होता. हातवाऱ्यांवरून माझ्या ड्रायव्हिंगबद्दल असावं. सौंदाळे साफ करून झाले तेव्हा तो घामाघूम दारात उभा. घड्याळ ओट्यावरच पडलेलं, चार्जिंग संपून काळं झालेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तो अर्ध्या रस्त्यावरच उतरला. म्हणाला, मागून तुझं वळण बघवत नाही, मी इथून उतार चालत येतो, तू जेटीवर थांब. येतानाही चालत. मी परत आले तर जयगडचा माणूस फाटकापाशी उभा. गाडीच्या सीटवर हात फिरवत म्हणाला, "ताई, कंडिशन मस्त ठेवलीय. ही देणार ना?"

नवरा अजून चढावर होता. मी किल्ली काढून हातात घेतली.

"नाही. ही रोज लागते."

"पण अॅपवर..."

"अॅपवर चुकून पडली. चहा घेता का?"

त्याने चहा घेतला, वर सोलकढी मागितली. ती नव्हती. आमच्याकडे आता नारळ आठवड्यातून दोनदा फुटतो, आणि तो मी खवते. घड्याळ न घालता.

मुलीला मी सगळं सांगितलं, जादा किल्लीसकट. ती आधी चिडली, मग म्हणाली, "गाडी बाबा नाही ना चालवत?"

"नाही. पुढच्या रिपोर्टपर्यंत नाही. मी चालवते."

"मग ते मागे बसतात?"

"बसावं लागू नये म्हणून चालतात."

मग तिचा सवयीचा स्वर आला. "पण आई, मला इथे आठवडाभर शून्य दिसतंय. बाबा खरंच हलतायत ना?"

मी खिडकीतून बघितलं. चढ संपतो तिथे तो गडग्याला टेकून धापा टाकत होता, आणि हातात, बघितलंत का, मला न विचारता विकत घेतलेली एक सुरमई.

"हलतायत," मी म्हटलं आणि ओट्यावर सुरी काढून ठेवली. आजच्या यादीत बांगडे होते. ते खोडले.